शंभर फुटांचा हट्ट

स्टॉलवरचं माझं व्याख्यान यंदापासून बंद झालं. वैमानिक व्हायला आलेल्या पोरांना मी ग्राउंड क्लासमध्ये एरोडायनॅमिक्स शिकवायचो आणि चालतं-बोलतं विमान हवेत एकाएकी स्टॉल का होतं, यासाठी दोन तास राखून ठेवायचो. नव्या व्यवस्थापकांनी त्या जागी वीस मिनिटांचा व्हिडिओ आणि प्रश्नसंच बसवला. ‘सर, परीक्षेत यावर एक-दोनच प्रश्न येतात,’ हे कारण. मीही मग नारळ घेऊन मोकळा झालो. आता वेळच वेळ आहे, तेव्हा या एका विषयात आमच्या धंद्याने जो घोळ घातला, तो एकदाचा लिहून टाकतो.

फार मागे जाण्यात मला रस नाही. ऑटो लिलिएंटालचा ग्लायडर 1896 च्या ऑगस्टमध्ये स्टॉल होऊन पडला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला, हे सगळ्या पुस्तकांत आहे. 1963 मध्ये इंग्लंडात बीएसी वन-इलेव्हन चाचणीत कोसळलं, तेव्हा कळलं की उंच टी-शेपटीच्या विमानात पंखांमागची गढूळ हवा शेपटीलाच गिळते आणि नाक खाली येईनासं होतं. मग स्टिक आपोआप पुढे ढकलणारा पुशर आला. 1972 मध्ये स्टेन्सजवळ ट्रायडंटच्या वैमानिकांनी तो पुशरच बंद केला. 118 माणसं गेली. झालं प्राचीन इतिहासाचं.

मूळ गोष्ट साधी आहे. पंख समोरच्या हवेला किती कोनात भिडतो, त्यावर सगळं आहे. कोन वाढवला की उचल वाढते, पण साधारण 15-16 अंशांपर्यंतच. त्यापुढे पंखावरून वाहणारी हवा पंखाला धरून राहत नाही, सुटते. वर्गात मी एक जुनी फिल्म दाखवायचो. पंखाच्या पाठीवर लोकरीचे धागे ओळीने चिकटवलेले. कोन वाढत जातो तसे मागच्या कडेचे धागे आधी थरथरतात, मग उभे राहतात आणि एका क्षणी चक्क उलटे फिरून पुढे बघू लागतात. उचल ढासळली आणि अडथळा वाढला. हाच स्टॉल. इंजिन मात्र ठणठणीत चालू असतं.

पोरं हमखास चुकायची ती वेगाशी. स्टॉल कमी वेगाला होतो, एवढंच त्यांच्या डोक्यात असायचं. सरळ उड्डाणात 50 नॉटला स्टॉल होणारं विमान 60 अंश कललेल्या वळणात उंची राखू पाहिलं तर 70 नॉटलाच स्टॉल होतं, कारण पंखांवर दुप्पट भार येतो आणि कोन वाढवावाच लागतो. वेग कितीही असो, नाक क्षितिजाच्या वर असो की खाली, कोन ओलांडला की विमान सुटलं.

हे कळण्यासाठी सेस्ना 152 इतका चांगला मास्तर नाही. तिच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक भोक असतं, आत पिपाणीसारखी पत्ती. उड्डाणाआधी पोरं त्यावर रुमाल धरून तोंडाने हवा ओढायची; पिपाणी रडली की यंत्रणा ठीक. वर गेल्यावर थ्रॉटल मागे घ्यायचं, उंची राखत कंट्रोल ओढत राहायचं. कंट्रोल हळूहळू मऊ पडतात, वाऱ्याचा आवाज मावळतो, पिपाणी रडू लागते, मग अंग थरथरतं आणि नाक खाली जातं. एखादा पंख झुकला तर तो पायाने, रडरने सावरायचा. ओढलेला कंट्रोल सोडला की विमान पुन्हा उडू लागतं. उंची जाते. जाऊ द्यायची असते.

इथेच माझं आणि आमच्या एका परीक्षकाचं जन्माचं वाकडं. मोठ्या विमानांच्या जगात तेव्हा रीत अशी, की सिम्युलेटरमध्ये स्टॉलचा इशारा वाजला रे वाजला की पूर्ण ताकद लावायची, नाक धरून ठेवायचं आणि उंची शक्यतो सोडायची नाही. शंभर फुटांहून जास्त गमावली की कपाळाला आठ्या. हे गृहस्थ तोच नियम आमच्या पोरांना लावायचे. मी म्हणायचो, अहो, हा इशाऱ्याचा सराव झाला, स्टॉलचा नव्हे. खरा स्टॉल झाल्यावर पोरगं नाक धरूनच बसेल. ते म्हणायचे, जेट विमान खऱ्या स्टॉलपर्यंत जातंच कुठे!

जात होतं. 17 जुलै 2000 ला पाटण्याला अलायन्स एअरचं बोइंग 737 उतरताना फार उंचावर होतं. इंजिनं आयडलवर, वेग घटलेला, आणि त्यातच उंची उतरवण्यासाठी वळसा. स्टॉलच्या इशाऱ्याचा स्टिक शेकर वाजला. वैमानिकांनी स्टॉलमधून सुटायची कृती न करता गो-अराउंड सुरू केलं, म्हणजे ताकद लावून नाक वर. विमान गर्दनीबागच्या वस्तीवर पडलं. जमिनीवरच्या पाच जणांसह 60 माणसं गेली. चौकशी अहवालात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. मी तो वर्गात वाचायचो. परीक्षकमहाशयांनी ‘मानवी चूक’ म्हणून विषय मिटवला.

मग आलं 2009, आणि पुढची दहा वर्षं मला वर्गात दुसरं काही सुचलं नाही. फेब्रुवारीत अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं क्यू-400. वेग नकळत घटला, शेकर वाजला, आणि कॅप्टनने कॉलम पुढे सोडायच्या ऐवजी मागे ओढला. पुशर पुढे ढकलत होता, हा ओढत होता. 50 बळी.

1 जूनला एअर फ्रान्सचं 447. रिओहून पॅरिसला निघालेलं एअरबस ए-330, अटलांटिकवर 35 हजार फुटांवर. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या बर्फाने तुंबल्या आणि ऑटोपायलट सुटला. एवढ्यात विमान पडत नाही. पण साइडस्टिक मागे ओढली गेली आणि विमान जवळपास 38 हजार फुटांवर चढून स्टॉल झालं. इशारा सलग 54 सेकंद वाजला. पुढे तर क्रूर थट्टाच झाली. मोजला जाणारा वेग 60 नॉटखाली गेला की संगणक कोनाचे आकडे बाद धरायचा आणि इशारा गप्प व्हायचा. नाक खाली केलं की आकडे ग्राह्य ठरून तो पुन्हा ओरडायचा. योग्य ते केलं की बोंब, चुकीचं केलं की शांतता! पोटावर, मिनिटाला दहा हजार फुटांच्या वेगाने ते खाली आलं. कोन 40 अंशांच्या पुढे. दोन्ही इंजिनं चालू होती. 228 माणसं. ब्लॅक बॉक्स दोन वर्षांनी समुद्राच्या तळाशी, जवळपास चार किलोमीटर खोल सापडले.

2012 मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, एफएएने, अखेर लिहून दिलं: आधी कोन कमी करा, नाक खाली आणा, उंचीचं नंतर बघू. बैल गेला अन् झोपा केला, पण केला तरी. आमचे परीक्षक तोवर निवृत्त होऊन सल्लागार झाले होते आणि हीच गोष्ट स्वतःचा शोध असल्यासारखी परिसंवादांत सांगत फिरत होते.

एवढ्यावर भागलं नाहीच. 2014 च्या डिसेंबरात सुराबायाहून सिंगापूरला निघालेलं एअरएशियाचं ए-320 तशाच ओढलेल्या स्टिकने समुद्रात गेलं; 162 जण. आणि 2018-19 मध्ये तर उलटंच. बोइंग 737 मॅक्समध्ये स्टॉल टळावा म्हणून नाक खाली दाबणारं एमकॅस बसवलेलं होतं, तेही कोन मोजणाऱ्या एकाच सेन्सरच्या भरवशावर आणि वैमानिकांच्या पुस्तकात एक ओळ न लिहिता. सेन्सर खोटं बोलला, धडधाकट उडणारं विमान संगणकाने जमिनीकडे वळवलं. आधी इंडोनेशियात, मग इथिओपियात. 346 माणसं. बातमी आली त्या दिवशी वर्गात एका पोरीने विचारलं, ‘सर, म्हणजे आता नाक खाली करायचं की नाही?’ तिला समजावण्यात माझा अख्खा तास गेला, आणि तो माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला तास होता.

सगळ्याच्या मुळाशी असलेला कोन वैमानिकाला थेट दिसावा, याचा विचार करा, असं 447 च्या फ्रेंच अहवालाने 2012 मध्येच सुचवलं होतं. लढाऊ विमानांत कोन दाखवणारा काटा कधीपासून आहे. मॅक्समध्ये मात्र तो जादा पैसे मोजून घ्यायची वस्तू होता, आणि दोन सेन्सर जुळत नसल्याचा दिवासुद्धा तो काटा विकत घेतला असेल तरच पेटायचा. छोट्या विमानांत असा काटा बसवणं 2014 मध्ये अमेरिकेत सोपं झालं, तेव्हा मी आमच्या एका तरी सेस्नात तो बसवावा म्हणून अर्ज केला. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा केला. त्या वर्षी संस्थेच्या स्वागतकक्षात मत्स्यालय आलं.