गाण्यांची सामाईक यादी: ३६ तासांत ॲपची रचना कशी करावी

पाठाची उद्दिष्टे
हा पाठ वाचल्यावर विद्यार्थ्याला (१) मुदत कमी असताना ॲपमध्ये काय ठेवावे व काय सोडावे हे ठरवता येईल, (२) अनेकजण एकाच वेळी बदलत असलेल्या यादीची डेटाबेसमधील रचना करता येईल, (३) अशा ॲपमध्ये हमखास होणाऱ्या चुका आधीच ओळखता येतील.

१. प्रास्ताविक
बेंगळुरूमध्ये अभियांत्रिकीला शिकवताना दरवर्षी एक-दोन गट तरी माझ्याकडे हाच प्रकल्प घेऊन येतात: मित्रांनी मिळून गाण्यांची यादी करायची, आवडत्या गाण्याला मत द्यायचे आणि सर्वांनी ती ऐकायची. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन २०१७ मध्ये सुरू झाली. तिच्या सॉफ्टवेअर गटाची अंतिम फेरी सलग ३६ तासांची असते, आणि महाविद्यालयांतल्या स्पर्धाही आता बहुधा त्याच धर्तीवर होतात. प्रकल्प सोपा वाटतो. दोन फोन एकदम वापरेपर्यंत तो सोपाच असतो.

अशाच एका स्पर्धेत आमच्या चार विद्यार्थ्यांच्या गटाचे ॲप वेळेत तयार झाले. सादरीकरणाला वीस मिनिटे असताना गटातल्या सर्वांत धाकट्या मुलीने एक गाणे जोडले आणि ते यादीतून नाहीसे झाले. तिने पुन्हा जोडले, ते पुन्हा गेले. आपली आवड इतरांना पटत नाही म्हणून कोणीतरी मुद्दाम गाणे काढते आहे, असे तिला वाटले. वाद झाला, ती उठून बाहेर गेली. प्रत्यक्षात कोणीही काहीही काढले नव्हते. चूक रचनेत होती आणि रचना करताना मार्गदर्शक म्हणून मी शेजारी बसलो होतो. ती चूक कोणती, हे चौथ्या भागात पाहू.

२. सामाईक यादी म्हणजे नेमके काय?
ही कल्पना इंटरनेटच्या आधीची आहे. रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, तर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती. फर्माइशीच्या पत्रांमुळे झुमरी तिलैया हे छोटे गाव देशभर माहीत झाले. मराठी घरांत ‘आपली आवड’ लागत असे. या कार्यक्रमांत गाण्याआधी ते कोणी सुचवले त्यांची नावे वाचली जात आणि श्रोते गाण्याइतकीच त्या नावांची वाट पाहत.

यातून दोन गोष्टी शिकता येतात. पहिली: सामाईक यादीतील नोंद म्हणजे नुसते गाणे नव्हे, तर ‘गाणे आणि ते सुचवणारी व्यक्ती’. सुचवणाऱ्याचे नाव पडद्यावर दिसत नसेल तर ॲप सामाजिक राहत नाही. दुसरी: रेडिओवर क्रम ठरवायला, तेच गाणे दोनदा आले तर एकदाच लावायला निवेदक होता. ॲपमध्ये निवेदक नाही. त्याचे काम नियमांना करावे लागते. पुढचा सगळा पाठ या नियमांविषयी आहे.

३. काय ठेवावे, काय सोडावे?
कागदावर तीन रकाने करा: ‘हवेच’, ‘असल्यास बरे’, ‘या वेळी नाही’.

हवेच: यादी तयार करणे, दुव्याने मित्राला बोलावणे, गाणे जोडणे व काढणे, मत देणे, सुचवणाऱ्याचे नाव.
असल्यास बरे: गाणी ओढून क्रम बदलणे.
या वेळी नाही: गप्पांची खिडकी, शिफारशी, छायाचित्रे, स्वतःचा संगीतवादक.

शेवटच्या बाबीवर विद्यार्थी हटकून अडतात. ‘सर, गाण्यांच्या फाइलीच सर्व्हरवर ठेवू,’ असे म्हणतात. तसे करू नये. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. शिवाय गीत आणि संगीत यांचे हक्क वेगळे असतात. त्यामुळे ‘गाणे जुने आहे, म्हणजे मोकळे आहे’ हा तर्क चुकीचा ठरतो. आपण फक्त गाण्याची ओळख आणि परवानाधारक सेवेचा दुवा साठवावा.

हा मुद्दा केवळ कायद्याचा नाही. बेंगळुरूच्याच फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ हे गाणी विकणारे दालन उघडले आणि जून २०१३ मध्ये बंद केले. बेकायदा नकला आणि छोट्या रकमा सहज भरण्याची सोय नसणे, अशी कारणे कंपनीने दिली. स्नेहल आणि स्वप्निल शिंदे या भावांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘धिंगाणा’चे श्रोते मोठ्या संख्येने होते, पण टी-सिरीजचा परवाना पुढे चालू राहिला नाही. २०१४ मध्ये सेवा थांबली आणि आरडिओने ती विकत घेतली. संगीताच्या क्षेत्रात तंत्र चांगले असले तरी हक्कांचा प्रश्न सुटत नाही. ३६ तासांत तर तो अंगावर घेऊच नये.

४. यादीची रचना
चार टेबले पुरतात: सदस्य, यादी, नोंद, मत. ‘नोंद’ मध्ये यादीचा क्रमांक, गाण्याची ओळख, जोडणाऱ्याचा क्रमांक आणि स्थान हे रकाने हवेत.

गाण्याची ओळख शीर्षकावरून ठरवू नये. एकाच नावाची अनेक गाणी असतात, शिवाय एकच नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये दहा प्रकारे लिहिले जाते. ध्वनिमुद्रणांसाठी आयएसआरसी हा १२ चिन्हांचा आंतरराष्ट्रीय संकेतांक आहे: पाच चिन्हे नोंदणीदाराची, दोन अंक वर्षाचे, पाच अंक अनुक्रमाचे. तो मिळत असल्यास साठवावा, नाहीतर सेवेने दिलेला गाण्याचा क्रमांक वापरावा.

आता ती चूक. आमच्या गटाने संपूर्ण यादी एकाच रकान्यात ठेवली होती. बदल झाला की फोन पूर्ण यादी सर्व्हरला पाठवी. समजा यादी [क, ख] आहे. पहिल्या फोनने ग जोडून [क, ख, ग] पाठवली. दुसऱ्या फोनवर अजून जुनीच यादी होती, त्याने घ जोडून [क, ख, घ] पाठवली. सर्व्हरने शेवटची यादी ठेवली आणि ग गेले. याला ‘हरवलेला बदल’ म्हणतात. त्या मुलीचा फोन सर्वांत मंद जाळ्यावर होता. तिची यादी पोहोचते न पोहोचते तोच दुसऱ्या कोणाची तरी जुनी यादी तिच्यावर चढत होती.

उपाय सोपा आहे: फोनने यादी पाठवू नये, कृती पाठवावी. ‘ग जोड’ आणि ‘घ जोड’ या दोन कृती कोणत्याही क्रमाने आल्या तरी दोन्ही गाणी राहतात. याच तत्त्वाचे आणखी तीन नियम:

(अ) काढताना ‘तिसरे गाणे काढ’ असे न सांगता ‘अमुक क्रमांकाची नोंद काढ’ असे सांगावे. मधल्या काळात तिसरे गाणे दुसरेच झालेले असू शकते.
(आ) मतांची बेरीज वाचून, एक मिळवून परत लिहू नये. ‘मत’ टेबलात सदस्य आणि नोंद ही जोडी अनन्य ठेवावी व बेरीज मोजून काढावी. दोनदा दाबले तरी मत एकच राहते.
(इ) प्रत्येक कृतीला फोननेच एक अनन्य क्रमांक द्यावा. जाळे तुटल्याने तीच कृती पुन्हा आली, तर सर्व्हर तो क्रमांक ओळखून ती सोडून देईल.

५. क्रम
स्थानासाठी १, २, ३ असे आकडे दिले, तर मध्ये एक गाणे घालताना खालच्या सर्व नोंदी बदलाव्या लागतात. त्याऐवजी १०२४, २०४८, ३०७२ अशी स्थाने द्यावीत. पहिल्या दोहोंच्या मध्ये गाणे आले तर १५३६. त्याच जागी सतत निम्मे करत गेल्यास दहा वेळा जागा मिळते, मग एकदा सर्व स्थाने नव्याने द्यावीत. दोघांनी एकाच क्षणी एकाच जागी गाणे घातले तर स्थान सारखे येईल. तेव्हा नोंदीच्या क्रमांकावरून क्रम ठरवावा, म्हणजे सर्व फोनांवर यादी सारखीच दिसेल.

स्पॉटिफायच्या खुल्या जोडणीतही प्रत्येक यादीला ‘स्नॅपशॉट आयडी’ असतो. क्रम बदलताना आपण यादीच्या कोणत्या आवृत्तीबद्दल बोलत आहोत, हे त्यावरून सांगता येते.

६. बदल इतरांना कसे कळणार?
सततची जोडणी, म्हणजे वेबसॉकेट, उत्तमच. पण ती तुटणे आणि पुन्हा जुळणे सांभाळण्यात रात्र जाते. आधी हिशोब करा. वीस फोन दर तीन सेकंदांनी विचारणा करतील तर मिनिटाला ४०० विनंत्या, म्हणजे सेकंदाला सात. साधा सर्व्हरही हे पेलतो. प्रत्येक यादीला आवृत्ती क्रमांक द्यावा. फोनकडील क्रमांक तोच असेल तर ‘बदल नाही’ इतकेच उत्तर द्यावे. सादरीकरणाला हे पुरते.

७. ३६ तासांची विभागणी
पहिले ३ तास: कागद, तीन रकाने, टेबले. संगणक बंद.
३ ते १०: टेबले आणि सर्व्हरवरील कृती.
१० ते २०: तीनच पडदे: यादी, गाणे शोधणे, आमंत्रण.
२० ते २६: पाळीपाळीने झोप. झोप न झालेल्या माणसाने केलेली दुरुस्ती दुसऱ्याला दुरुस्त करावी लागते.
२६ ते ३२: चाचणी. दोन फोन, दोन वेगळी जाळी, एकाच क्षणी बटण. मग एका फोनचे जाळे बंद करून, कृती करून, पुन्हा चालू करणे.
३२ ते ३६: सादरीकरणाचा सराव. नवे काहीही जोडू नये.

आमच्या गटाने दोन फोनांची चाचणी ठेवलीच नव्हती. प्रत्येकाने आपापल्या फोनवर ॲप तपासले होते आणि प्रत्येकाकडे ते नीट चालत होते.

८. समारोप
बँकेच्या ॲपमध्ये बदल हरवला तर पैशांचा घोळ होतो आणि तो लगेच लक्षात येतो. सामाजिक ॲपमध्ये बदल हरवला तर माणसे एकमेकांवर संशय घेतात आणि चूक सॉफ्टवेअरची आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. म्हणून यादीतून काही निघाले तर ‘कोणी, केव्हा काढले’ हे दिसलेच पाहिजे. ती विद्यार्थिनी सादरीकरणाला परत आली. पुढच्या सत्रात तिनेच ‘नोंद’ आणि ‘मत’ ही टेबले नव्याने लिहिली. त्यानंतर आमच्या प्रयोगशाळेत कोणताही प्रकल्प दोन फोनांवर एकदम चालवल्याशिवाय मी तपासत नाही.

स्वाध्याय
१. [क, ख, ग] या यादीत एकाने ख काढले आणि त्याच क्षणी दुसऱ्याने ख ला मत दिले. सर्व्हरने काय करावे? दोन पर्याय लिहून त्यांतील एक निवडा व कारण द्या.
२. स्थानांतील अंतर १०२४ ऐवजी १०० ठेवल्यास, दोन गाण्यांच्या मध्ये त्याच बाजूला निम्मे करत किती वेळा गाणे घालता येईल?
३. यादीचा क्रम मतांनुसार आपोआप बदलत असेल, तर ‘स्थान’ हा रकाना लागेल का? चर्चा करा.