यंत्राची नजर

लाखांदुरात भाऊबीज आली की मंडईची गडबड सुरू होते. दिवसा पाहुणे, रात्री नाटक! गेल्या दिवाळीत मात्र नागपूरहून आलेली माझी बारा वर्षांची भाची ओसरीवर मोबाइल घेऊन हिरमुसून बसली होती. २०२५ साली नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हापासून पोरीला या खेळाचे वेड. आणि मोबाइलने तर तिला सलग अकरा डाव हरवले होते.

"मामाजी, हा हरतच नाही जी! मी क्लासच सोडते."

मराठी शिकवणाऱ्या माणसाने यावर काय बोलावे? मी कपाटातून विद्यार्थीदशेतले जुने बुद्धिबळयंत्र काढले आणि तिला एक गोष्ट सांगितली.

१९६८ साली स्कॉटलंडच्या डेव्हिड लेव्हीने पैज लावली : दहा वर्षांत कोणताही संगणक मला सामन्यात हरवणार नाही. १९७८ साली टोरांटोला त्याने 'चेस ४.७' या संगणकाला साडेतीन विरुद्ध दीड गुणांनी हरवले. युक्ती साधी. उगाच मारामारी करायची नाही. पट बंद ठेवून वाट पाहायची. एका डावात मात्र त्याने हौसेने हातघाईचा खेळ केला, आणि नेमका तोच डाव गमावला! पुढे १९८९ साली आपल्या रोहिणी खाडिलकरांनीही लंडनमध्ये संगणकावर मात केली.

असे का होई? ते यंत्र ठराविक खेळ्यांपर्यंतच मोजी. रात्री कंदील घेऊन धानाच्या बांधावरून जाणाऱ्याला उजेडापुरतीच वाट दिसते ना, तसे. त्यापलीकडचा खड्डा त्याच्या लेखी नसतोच.

भाचीने प्याद्याला प्यादे भिडवून पट बंद केला. यंत्राला काही सुचेना. ते हत्ती इकडून तिकडे हलवू लागले. तिने सावकाश आपली मोहरी त्याच्या राजाभोवती जमवली आणि दूर एक प्यादे मोकळे सोडले. यंत्राचा वजीर अधाशासारखा तिकडे धावला. चार खेळ्यांत मात! पोरीने अशी आरोळी ठोकली की शेजारचे डोकावले.

मग तोच डाव मोबाइलवर. तिथे अर्थात धुव्वा! १९९७ साली न्यूयॉर्कला 'डीप ब्लू'ने कास्पारॉव्हला हरवले. आता तर खिशातला मोबाइलही जगज्जेत्याला भारी आहे. त्याचा कंदील फार दूरवर पोचतो. हे मी तिच्यापासून लपवले नाही.

ती क्षणभर गप्प बसली. मग मोबाइल बाजूला ठेवून लाकडी पट मांडत म्हणाली, "मामाजी, तुम्ही बसा."

मी नेहमीप्रमाणे वजीर लवकर बाहेर काढला. तिने एक प्यादे पुढे सरकवले. मी ते मारले. तीन खेळ्यांत माझा वजीर गेला.

"तुम्हाला फुकटचं दिसलं की राहवत नाही जी," ती म्हणाली.

क्लास सुटला नाही. माझी खोड मात्र त्या दिवशी घरात सर्वांना कळली!