काचेच्या पेटीतील समुद्र



वसंतातील या व्याख्यानांना येणाऱ्या श्रोत्यांना साहित्य, राजकारण, तत्त्वज्ञान अशा भारदस्त विषयांची सवय असते. त्यांच्यापुढे मी आज पाण्याच्या अल्कतेसारखा रुक्ष विषय घेऊन उभा आहे, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवण्यात गेले, तेव्हा हा शब्द मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिला असेल. परंतु त्याचा खरा अर्थ मला कळला तो निवृत्तीनंतर, जर्मनीत मुलीच्या घरी, आणि तोही एक चूक केल्यावर. ती चूक सांगितल्याशिवाय विषय नीट उलगडणार नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

आमच्या जावयांना प्रवाळ पाळण्याचा छंद आहे. दिवाणखान्यात तीनशे लिटर खाऱ्या पाण्याची काचेची पेटी, तीत चार-सहा मासे, आणि खडकांवर लावलेली प्रवाळांची जिवंत झुडपे: जांभळी, हिरवी, गुलाबी. मुलगी व जावई पंधरा दिवसांसाठी बाहेरगावी गेले आणि पेटीची राखण माझ्याकडे आली. रोजचे रासायनिक खाद्य एक छोटा पंप आपोआप घालत असे. मला फक्त माशांना चारा घालायचा होता आणि दर तिसऱ्या दिवशी पाणी तपासायचे होते. पाणी स्फटिकासारखे स्वच्छ दिसत होते, म्हणून तपासण्याचा मी आळस केला. पंधराव्या दिवशी तपासले, तो आठ अंशांवर असावयास हवी ती अल्कता पाचवर आलेली! मी रसायनशास्त्राचा माणूस. तीन अंशांची तूट, तीनशे लिटर पाणी. कागदावर हिशेब मांडला, २७ ग्रॅम खाण्याचा सोडा तोलून पाण्यात विरघळवला आणि एका दमात पेटीत ओतला. दोन दिवसांनी फांद्यांची टोके पांढरी पडली, आणि आठवड्याभरात तीन प्रवाळांची कातडी सोलून निघाल्यासारखी गळून पडली.

जावई परत आल्यावर मी त्यांना हिशेबाचा कागद दाखवला. ते म्हणाले, "बाबा, हिशेब बरोबर आहे. पण पंधरा दिवसांचं जेवण कुणी एका पंगतीला वाढतं का?"

या एका वाक्यात आजचे अर्धे व्याख्यान आहे. उरलेले अर्धे असे.

प्रवाळ घर कसे बांधतो

प्रवाळ ही वनस्पती नव्हे आणि दगडही नव्हे. तो एक चिमुकला, मऊ अंगाचा प्राणी आहे. असे हजारो जीव एकमेकांना लागून राहतात आणि आपल्या बुडाखाली चुन्याचा सांगाडा रचत जातात. पिढ्यान्‌पिढ्या रचलेल्या या सांगाड्यांचेच समुद्रात प्रवाळखडक होतात. या प्राण्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते व यजमानाला त्याचा मोठा वाटा देते. म्हणून उजेड जितका चांगला, तितके बांधकाम जोरात.

या बांधकामाला दोन पदार्थ लागतात. एक कॅल्शियम आणि दुसरा कार्बोनेट. दोन्ही समुद्राच्या पाण्यात विरघळलेले असतात. त्यांच्या संयोगाने कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू, शंखशिंपले व संगमरवर ज्याचे बनलेले असतात तोच पदार्थ, तयार होतो. विटा आहेत पण चुना नाही, अशा अवस्थेत गवंडी जसा हात बांधून बसेल, तसे यांतील एक संपले की प्रवाळाचे काम थांबते. पाण्यातील कार्बोनेट व बायकार्बोनेट यांचा साठा मोजण्याचे माप म्हणजेच अल्कता.

सामू निराळा, अल्कता निराळी

येथे एक घोटाळा हमखास होतो. आपल्याकडील शेतकऱ्यांना मातीचा सामू ठाऊक असतो. सातच्या खाली आम्ल, सातच्या वर अल्कधर्मी. समुद्राचा सामू सुमारे ८.१ असतो. मग अल्कता म्हणजे सामूच का? नव्हे. सामू ही पाण्याची या क्षणाची स्थिती आहे. अल्कता ही त्याची गंगाजळी आहे. एखाद्या गृहस्थाच्या खिशात आज किती पैसे आहेत यावरून त्याच्या पेढीवरील शिलकेचा अंदाज येत नाही, तसेच हे आहे. बाहेरून आम्ल आले तर ते सोसून सामू फारसा ढळू न देण्याची पाण्याची जी ऐपत, ती अल्कता.

ती मोजण्याची रीतही याच व्याख्येतून निघते. पेटीतले मोजके पाणी परीक्षानळीत घ्यावयाचे, त्यात रंगदर्शक द्रव टाकावयाचा, आणि ठराविक तीव्रतेचे आम्ल थेंब थेंब सोडावयाचे. गंगाजळी आहे तोवर रंग टिकतो. ती संपली, सामू साडेचारच्या आसपास घसरला, की रंग एकदम पालटतो. तोवर लागलेले आम्ल म्हणजे अल्कता. छंदी लोक ती जर्मन अंशांत मोजतात. नैसर्गिक समुद्राच्या पाण्यात ती सात अंशांच्या जवळपास असते, आणि घरच्या पेटीत बहुतेक जण सात ते नऊ यांच्या दरम्यान ठेवतात. अचूक आकड्यापेक्षा तो आकडा स्थिर असणे अधिक महत्त्वाचे.

रात्री शैवालाचे काम थांबते, सर्व जीव श्वासोच्छ्वास करीतच असतात, त्यामुळे पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड साठतो आणि सामू उतरतो. दिवसा तो पुन्हा चढतो. अल्कता मात्र या चढउतारात हलत नाही. जर्मनीतल्या हिवाळ्यात खिडक्या महिनोन्‌महिने बंद असतात. खोलीतील माणसांच्या श्वासाने हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो आणि पेटीचा सामू दिवसादेखील ७.९ च्या वर जात नाही. नवखा माणूस घाबरून सोडा घालतो. सामू त्याने फारसा वर येत नाही, अल्कता मात्र वाढत राहते. शेवटी पाण्यातला चुना आपण होऊन खाली बसू लागतो आणि आपल्या बंबात जसा क्षाराचा थर धरतो, तसा पंपांवर व उष्णकांवर धरतो. अशा वेळी खरे औषध म्हणजे खिडकी उघडणे!

तूट आधी कोठे दिसते?

माझ्या चुकीतली एक गोष्ट आणखी शिकवून जाते. त्याच दिवशी मी कॅल्शियमही मोजले होते. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला सुमारे ४२० मिलिग्रॅम असते. मला ४०० मिळाले. मला वाटले, कॅल्शियम ठीक आहे, तेव्हा प्रवाळांनी काही फार खाल्लेले नाही. तो तर्क चुकीचा होता. प्रवाळ दोन्ही पदार्थ ठरलेल्या प्रमाणात घेतो: अल्कतेचा एक अंश उतरला की कॅल्शियम लिटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅम उतरते. तीन अंशांना २१ मिलिग्रॅम. चारशेवीसमधून एकवीस गेले तर शेकडा ५ गेले. आठातून तीन गेले तर शेकडा ३७ हून अधिक गेले. एकाच जेवणाने एक कोठार जेमतेम हलले आणि दुसरे तिसऱ्या हिश्शाहून अधिक रिकामे झाले. म्हणून पेटी पाळणारा जाणता माणूस पहिल्याने अल्कतेवर डोळा ठेवतो.

समुद्रात हे घडत नाही, कारण तेथे पाणी अफाट आहे आणि नद्या खडक झिजवून चुन्याची रसद सतत आणत असतात. पेटीला नद्या नाहीत. तेथे नदीचे काम माणसाला करावे लागते.

पण पंप तर रोज सोडा घालत होता, मग तूट आली कशी? झाले होते असे की जावयांनी जाण्यापूर्वी नवे, अधिक प्रखर दिवे बसवले होते. प्रवाळांची वाढ जोराने होऊ लागली. पूर्वी ते रोज ०.३ अंश खात, ते आता ०.५ अंश खाऊ लागले. पंप मात्र जुन्याच मापाने वाढत होता. रोजची तूट ०.२, पंधरा दिवसांत तीन अंश! घरात माणसे वाढली आणि वाणसामान तेवढेच राहिले, तर दुसरे काय होणार?

व्यवस्था कशी ठेवावी

व्यवस्थेचे सूत्र यातूनच निघते. प्रथम खर्च मोजावा. काहीही न घालता तीन-चार दिवस रोज ठराविक वेळी अल्कता तपासली की रोजचा खर्च कळतो. मग तेवढीच भर रोज, शक्य तर दिवसातून अनेक हप्त्यांत घालावी. शंभर लिटर पाण्यात अल्कता एक अंशाने वाढवण्यास सुमारे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. आमच्या पेटीला रोज ०.५ अंश हवा, म्हणजे साडेचार ग्रॅम. सोडा शुद्ध असावा. केकसाठी मिळणारी बेकिंग पावडर नव्हे, कारण तिच्यात आम्लही मिसळलेले असते. तूट पडलीच असेल तर ती सावकाश भरावी. दिवसाला एका अंशाहून अधिक वाढ करू नये असे अनुभवी लोक सांगतात. मी ते तीन प्रवाळ गमावून शिकलो.

सोड्याने कॅल्शियम येत नाही. ते कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणाने निराळे द्यावे लागते. ही दोन द्रावणे मात्र एकत्र करू नयेत. पाण्याबाहेर ती भेटली की तत्काळ खडूचा पांढरा गाळ होतो. समुद्राच्या पाण्यात असा गाळ सहसा होत नाही, याचे बरेचसे श्रेय त्यातील मॅग्नेशियमला आहे. ते लिटरला सुमारे १३०० मिलिग्रॅम असते आणि चुन्याचे स्फटिक वाढू देत नाही. म्हणून अल्कता कितीही घातली तरी टिकत नसेल, तर मॅग्नेशियम तपासून पाहावे.

याहून जुनी आणि मला विशेष आवडणारी रीत म्हणजे चुन्याची निवळी. होय, आपल्या आजीच्या बटव्यातली चुन्याची निवळी! १९७० च्या दशकात पेटर विल्केन्स यांनी ती प्रवाळांच्या पेट्यांसाठी प्रचारात आणली. निवळीत कॅल्शियम व अल्कता दोन्ही असतात, आणि प्रवाळ ज्या प्रमाणात ती घेतो त्याच प्रमाणात असतात. पेटीतून बाष्पीभवनाने रोज दोन-तीन लिटर पाणी उडते. त्याच्या जागी साध्या पाण्याऐवजी निवळी घातली की एका कामात दोन कामे होतात. आमच्या पेटीच्या रोजच्या खर्चाला सुमारे सव्वा लिटर निवळी पुरते. परंतु निवळीचा सामू बाराच्या वर असतो, तेव्हा ती थेंब थेंब आणि शक्यतो रात्री, पेटीचा सामू उतरलेला असताना, सोडावी.

पेटीबाहेरचा समुद्र

आपण म्हणाल, दिवाणखान्यातल्या शोभेच्या पेटीसाठी एवढा खटाटोप कशाला? उत्तर असे की या पेटीत जे प्रश्न लहान प्रमाणात दिसतात, तेच आज महासागरात मोठ्या प्रमाणात उभे आहेत. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटात बायोस्फिअर २ नावाची प्रचंड काचेची वास्तू आहे. तीत सुमारे २६ लाख लिटरचा एक समुद्र बांधला आहे. आमच्या जावयांची पेटीच, पण कित्येक हजार पट मोठी. तेथे ख्रिस लँगडन व त्यांचे सहकारी यांनी पाण्याचे रसायन बदलून प्रवाळांची बांधणी मोजली आणि २००० साली निष्कर्ष मांडला की पाण्यातील कार्बोनेट कमी झाले की बांधणी मंदावते.

औद्योगिक युगापूर्वी हवेत दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग कार्बन डाय-ऑक्साइड होता, तो आता ४२० च्या वर गेला आहे. त्याचा मोठा वाटा समुद्र शोषून घेतो. बंद खिडक्यांच्या खोलीत पेटीचे जे होते, तेच पृथ्वीच्या समुद्राचे होत आहे. अल्कता जवळजवळ तीच, पण सामू सुमारे ०.१ ने उतरला आणि कार्बोनेट घटले. ऑस्ट्रेलियाजवळच्या वन ट्री बेटावर रेबेका ऑलब्राइट यांच्या चमूने खडकावरून वाहणाऱ्या पाण्यात अल्कता वाढवून औद्योगिक युगापूर्वीची स्थिती थोड्या जागेपुरती आणली. प्रवाळांची बांधणी सुमारे शेकडा ७ ने वाढली. हा प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे हानी आधीच सुरू झाली आहे, हे त्याने दाखवून दिले. दिवाणखान्यात खिडकी उघडता येते; पृथ्वीला दुसरी खिडकी नाही.

एक गोष्ट बजावून सांगतो. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. हे ऐकून कोणी तेथून एखादी फांदी आणण्याचा विचार करील, तर तो कृपा करून सोडावा. कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. ते काढणे वा विकणे हा गुन्हा आहे. जर्मनीत पाळले जाणारे पुष्कळ प्रवाळ छंदी लोकांनी एकमेकांना दिलेल्या कलमांतून वाढलेले असतात, जसे आपण गुलाबाचे कलम शेजाऱ्याला देतो.

माझ्या हातून गेलेल्या तीन प्रवाळांपैकी एकाच्या बुंध्याशी बोटाच्या पेराएवढा जिवंत तुकडा उरला होता. जावयांनी तो तोडून निराळ्या खडकावर चिकटवला आणि त्याची राखण माझ्याकडेच दिली. पुढचे दोन महिने मी रोज सकाळी चहाच्या आधी थेंब मोजत असे. परत येताना त्याला दोन नवी टोके फुटली होती. ती पांढरी होती खरी, परंतु या वेळी तो पांढरा रंग नव्या वाढीचा होता.