मुंबईचे जुने मोजणी-नकाशे

मुंबई बेटातील जमिनींचे हक्क व सारा निश्चित करण्यासाठी १९ व्या शतकात तयार झालेले नकाशे. कॅ. टॉमस डिकिन्सन यांची मोजणी १८११–२७ मध्ये, तर कर्नल लॉटन यांची १८६५–७२ मध्ये झाली. आजच्या दाट वस्तीखालील शेतजमीन ओळखण्याचे हे नकाशे महत्त्वाचे साधन होत.

गिरगावच्या परिसरात माडांच्या वाड्या व बेटाच्या सखल मध्यभागात भातखाचरे होती. वाडीस इंग्रजी दप्तरात ‘ओर्ट’ म्हणत; हा शब्द बाग या अर्थाच्या पोर्तुगीज ‘ओर्ता’वरून आला. खेतवाडी, फणसवाडी या नावांत ती लागवड टिकून आहे. मात्र ‘वाडी’ म्हणजे चाळींचा समूह असाच अर्थ पुढे रूढ झाला. हॉर्नबी वेलार्ड हा बांध १७८४ च्या सुमारास पुरा झाल्यावर भरतीचे पाणी अडले आणि मोकळी झालेली खारवट जमीन ‘फोरास’ या धारापद्धतीने लागवडीस देण्यात आली. फोरास रोड हे नाव त्यावरून पडले. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा भागात आखीव वसाहती वसविल्या. तेथील सरळ रस्त्यांत जुन्या बांधांचा मागमूस राहिला नाही. गिरगावातील अरुंद गल्ल्या मात्र पुष्कळदा वाड्यांच्या हद्दींवरूनच वळतात.

महसुलासाठी केलेल्या अशा मोजणीत भर असतो तो धारकावर. जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याचा माग तीवरून क्वचितच लागतो. जमिनीचा उतार मात्र अजून पडताळता येतो. भराव घालूनही बेटाचा मध्यभाग सखलच राहिला असून भरतीच्या वेळी मोठा पाऊस झाल्यास तेथे पाणी तुंबते.