रिठावरचा मारोती

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबच्या आसपास एखाद्या पांदणीनं चालत निघालात, तर ऐन कपाशीत मारोती भेटण्याची बरीच शक्यता आहे. देऊळ नसतंच. फार तर चार गोट्यांचा आडोसा, वर वाकलेला कडुनिंब आणि शेंदरानं इतका माखलेला दगड, की नाक कुठं नि शेपूट कुठं ते कळू नये. चहूकडं पऱ्हाटी आणि तूर. जवळ घर नाही, गोठा नाही, विजेचा खांबही नाही. आता मारोती म्हणजे गावाचा देव. त्याची जागा वेशीजवळ, पोळ्याला बैल नेता येतील अशी. मग माणसांपासून इतक्या लांब, वावराच्या मधोमध तो काय करतो?

धुऱ्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारावं. उत्तर एका वाक्यात येतं : "तिथं पहिले गाव होतं बावा, आता रीठ हाये."

म्हणजे देव जिथल्या तिथंच आहे, उठून गेलं ते गाव. घरं पडली, लाकूडफाटा आणि दगड लोकांनी बैलबंडीत घालून नेले, भिंतींची माती पावसानं बसवली आणि काही पिढ्यांत तिथं नांगर फिरला. मारोतीला मात्र कुणी हात लावला नाही. धुऱ्याचा दगड वितभर सरकवायला मागंपुढं न पाहणारा माणूसही रिठावरचा मारोती हलवत नाही. हनुमान जयंतीला शेजारच्या गावातून कुणीतरी येतं, तेल-शेंदूर चढवतं, नारळ फोडतं आणि परत जातं. ज्या गावाचं एकही घर उभं नाही, त्याच्या ग्रामदेवतेची पूजा अशी चालू राहते.

गाव होतं याला दुसरा साक्षीदार म्हणजे माती. विदर्भाची कापसाची जमीन काळीभोर. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून चपलेला चिकटते. त्या काळ्या पटावर मध्येच राखाडी-पांढरट डाग दिसला, की पुरातत्त्ववाल्यांचे डोळे चमकतात. ती पांढरी, म्हणजे माणसं राहिल्यानं बदललेली माती. शेकडो वर्षांची चुलीची राख, शेण, हाडं, चुना, मातीच्या भिंती असं सगळं तिच्यात मुरलेलं असतं. यातला फॉस्फेट हा घटक जमिनीत जवळजवळ जिथल्या तिथं राहतो. पावसानं सहजी वाहून जात नाही. म्हणून वर काहीही दिसत नसताना निव्वळ मातीची तपासणी करून, इथं कधीकाळी माणसं जनावरं बांधून राहत होती, असं सांगता येतं. प्रयोगशाळेला जे फॉस्फेटमुळं कळतं, ते शेतकऱ्याला पिकामुळं केव्हाच कळलेलं असतं. पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून वावरात नेऊन टाकण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. थोडक्यात, कित्येक जुनी गावं आपण ज्वारी आणि कापसाच्या रूपानं खाऊन-नेसून संपवली आहेत.

पहिला जोराचा पाऊस होऊन गेला, की अशा जागी उकिडवं बसून पाहावं. मातीचे कण धुऊन जातात आणि वजनदार वस्तू वर राहतात. खापराचे तुकडे तर असतातच. त्यांत एखादा मडक्याच्या काठाचा, बोटानं दाबून काढलेल्या नक्षीचा. काचेच्या बांगडीचा नखाएवढा हिरवा तुकडा. आणि मला सगळ्यात जास्त थांबवणारी गोष्ट, फुटक्या जात्याची तळी. तिच्यावर टाकीचे घाव दिसतात. दळून दळून जातं गुळगुळीत झालं, की त्याला टाकी लावून पुन्हा खरबरीत करावं लागे. काही घाव पार झिजलेले, काही ताजे वाटावेत इतके खोल. शेवटची टाकी लावल्यावर या जात्यानं फार दळण दळलं नाही, एवढं त्या दगडावरून कळतं. पाहावं आणि होतं तिथंच ठेवावं. उचलून घरी आणलेलं खापर हे नुसतं खापर. जागेवरचं खापर पुरावा असतं.

तिसरा साक्षीदार तलाठ्याच्या दप्तरात बसलेला असतो, आणि तो सर्वांत चिवट. गाव उठलं तरी मौजा उठत नाही. त्याची शीव, त्याचे गट, त्याचा नकाशा सगळं कायम राहतं. सरकारी भाषेत अशा गावाला बेचिराग म्हणतात, म्हणजे जिथं दिवा लागत नाही ते. जनगणनेच्या गावयादीत ही नावं आजही येतात आणि लोकसंख्येच्या रकान्यात शून्य असतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत तर उजाड गावासाठी वेगळी खूण ठरलेली आहे, कबरींसाठीही आहे. माणूस राहतो एका गावात, वावर दुसऱ्या गावच्या शिवारात, आणि ते दुसरं गाव अस्तित्वातच नाही, ही विदर्भात अगदी रोजची गोष्ट.

गावं का उठली? वऱ्हाडचा इतिहास पाहिला तर टिकली कशी, हाच प्रश्न खरा वाटतो. १५९६मध्ये हा मुलूख मोगलांकडं गेला. पुढं निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा एकाच वेळी अंमल, म्हणजे सारा मागणारे दोन. १८०३च्या देवगावच्या तहानंतर भोसल्यांचा हक्क संपला, पण पेंढाऱ्यांच्या धाडी पुढं काही वर्षं चालूच होत्या. १८५३मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे लागोपाठचे दुष्काळ, पटकी, १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ. लहान वाडीतली दहा घरं साथीनं निम्मी झाली, की उरलेली पाच शेजारच्या मोठ्या गावात जाऊन राहत. कधी कारण अगदी साधं असे : विहीर आटली.

मोठ्या गावांचीही उलटापालट झाली, आणि तिचं नामी उदाहरण कळंबच आहे. अबुल फजलच्या ऐन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याची जी सरकारं दिली आहेत, त्यांत कळंब हे एक. सरकार म्हणजे आजच्या हिशेबानं जिल्ह्याच्या तोडीचा विभाग. त्याच ग्रंथात यवतमाळ हे योत-लोहारा नावाचा नुसता परगणा म्हणून येतं. आज यवतमाळ जिल्हा आणि कळंब त्यातला तालुका. चिंतामणीला येणाऱ्या भाविकांनी गाव गजबजलेलं असतं. पायऱ्या उतरून जमिनीखालच्या गाभाऱ्यात जायचं, कुंड पाहायचं, दक्षिणाभिमुख गणपतीला हात जोडायचे. बाहेर चक्रावती वाहते. आपण एका जुन्या राजधानीवजा ठिकाणी उभे आहोत, हे मात्र फारसं कुणाच्या गावी नसतं.

रीठ झालं, गाव झालं. पण त्यातली माणसं मेल्यावर कुठं गेली? काही ठिकाणी याचं उत्तर सोपं असतं. अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरांत प्रत्येक जुन्या घराण्याची आपली स्मशानभूमी असते, टेकडीच्या माथ्यावर, घराच्या मागं. घर मोडून जंगल वाढलं तरी विंका नावाची, आपल्या सदाफुलीची लांबची बहीण शोभेल अशी वेल तिथं पसरलेली राहते आणि शोधणारे तिच्यावरून कबरी ओळखतात. १९३०च्या दशकात टेनेसीत नॉरिस धरण बांधलं, तेव्हा पाच हजारांवर कबरी उकरून दुसरीकडं हलवाव्या लागल्या. पुढं फोंटाना धरणाच्या पाण्यानं काही स्मशानभूमींचे रस्ते तुटले, आणि आजही नातेवाइकांना बोटीतून तिकडं नेतात. ते कबरी झाडतात, फुलं वाहतात, तिथंच जेवतात.

आपल्याकडं बहुतेकांचं दहन होतं आणि राख नदीला जाते. खापरपणज्याचं नाव सांगता येईल, पण त्याची म्हणून दाखवायला जागा नाही. म्हणूनच ज्यांचं दफन होतं, त्यांच्या खुणा शिवारात उठून दिसतात. गोसाव्यांची समाधी : देह बसवून पुरलेला, वर चौथरा, चौथऱ्यावर पिंड किंवा तुळस. लिंगायतांकडंही बसवून पुरण्याचीच रीत. मुसलमानांची कब्रस्तानं असतात. गोंड आणि कोलाम वस्त्यांच्या दफनाच्या जागा असतात. तान्ह्या लेकरांना तर बहुतेक सगळेच पुरतात, आणि तिथं दगडही ठेवत नाहीत. धुऱ्यावर एखादा ओटा दिसतो, त्यावर दगडात कोरलेल्या पादुका. कुणाच्या, हे मालकालाही धड सांगता येत नाही. "पूर्वजाचं ठाणं आहे" एवढंच उत्तर. पण पेरणीला नांगर त्याला वळसा घालून जातो.

आणि याच विदर्भात एके काळी माणसं मेलेल्यांसाठी डोंगराएवढी मेहनत घेत होती, हे कळलं की थक्क व्हायला होतं. नागपूरपासून काटोल रस्त्यानं थोडं गेलं, की जुनापाणीला सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. काळ्या बेसॉल्टचे मोठमोठे दगड गोल मांडलेले, आत गोट्यांचा भराव, खाली दफन. काळ इसवी सनापूर्वीचं पहिलं सहस्रक. इंग्रजी अमदानीत १८६०च्या दशकात ती पहिल्यांदा उकरून पाहणारा रिव्हेट-कार्नाक हा मध्य प्रांत-वऱ्हाडचा कापूस आयुक्त होता! कापसाची पाहणी करत फिरणाऱ्या या साहेबाला दगडांवर कोरलेले वाटीसारखे खळगे दिसले, आणि तसेच खळगे युरोपातल्या दगडांवर आहेत म्हणून त्यानं त्यावर लिहिलं. पुढं पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड इथं उत्खननं झाली. माहुरझरीला माणसाबरोबर घोडे पुरलेले निघाले, त्यांच्या तोंडावर तांब्याचे अलंकार. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली.

ही झाली मेलेल्यांची गावं. जिवंतांचं गाव कळंबच्या अगदी शेजारी निघालं. बाभुळगाव तालुक्यातल्या पाचखेडला नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागानं २०२३-२४मध्ये एक पांढरीचं टेकाड खणलं. तळाशी साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची लोहयुगीन वस्ती, तिच्यावर सातवाहनकाळ, त्यावर मध्ययुग आणि सगळ्यात वर निजामकाळ. खालच्या थरात घराची जमीन, खांबांचे खळगे, चूल. एकाच उंचवट्यावर लोक पुन्हा पुन्हा येऊन राहिले, उठले, पुन्हा आले. म्हणजे रीठ हा शेवटच असतो असं नाही. पुढच्या खेपेपर्यंत पडीक ठेवलेलं गाव म्हणून त्याच्याकडं पाहता येतं, निदान पाचखेडकरांच्या पूर्वजांना तरी तसं करता आलं.

आता पुन्हा मारोतीकडं. रस्त्याकडेच्या शेंदरी दगडांकडं गंभीरपणे पाहणारे दोघे जण मला आठवतात. आल्फ्रेड लायल हा पश्चिम वऱ्हाडचा आयुक्त. १८७०चा वऱ्हाडचा गॅझेटियर त्याच्या देखरेखीखाली निघाला. वऱ्हाडातला साधा दगड, मेलेला पूर्वज, लढताना पडलेला वीर, समाधी घेतलेला साधू यांचे हळूहळू देव कसे होतात, यावर त्यानं लिहिलं. साहेबी चष्मा सोडला तर निरीक्षण पक्कं आहे. दुसरे म्हणजे इतिहासकार दामोदर कोसंबी. पुण्याच्या आसपास पायी हिंडून त्यांनी दाखवलं, की ओसाड जागी बसलेल्या मातृदेवता पुष्कळदा जुन्या वाटा जिथं एकमेकींना छेदत होत्या तिथं आहेत, आणि जवळच अश्मयुगीन गारगोटीची बारीक हत्यारं मिळतात. १९६२च्या 'मिथ अँड रिॲलिटी'त ते आलं आहे. वाट मोडली, माणसं बदलली, भाषाही बदलली असेल. देवी तिठ्यावरच बसून राहिली.

शेंदराच्या पोटात काय आहे, याचीही खात्री देता येत नाही. तेल आणि शेंदूर वर्षानुवर्षं चढत गेला, की कवच बनतं. ते गळून पडलं की खालून वेगळीच मूर्ती निघते. २०२२मध्ये वणीच्या सप्तशृंगीवरचा थर उतरवला, तेव्हा देवीचं मूळ रूप लोकांनी पहिल्यांदा पाहिलं. शिवारातल्या एखाद्या मारोतीखाली वीरगळ असू शकतो, सतीशिळा असू शकते, किंवा निव्वळ गोटा. खरवडून पाहायच्या फंदात मात्र कुणी पडू नये.

त्याहून वाईट खोड गुप्तधनाची. रीठ म्हटलं की हंडा, हे समीकरण डोक्यातून जात नाही. अमावास्येला खड्डे पडतात आणि त्यात हाती लागतं ते खापर. समजा खरंच काही लागलं, तर १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे : दहा रुपयांवर किमतीचं जे काही निघेल, ते जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. दहाच रुपये! मात्र गुप्तधनवाले रात्रीतून जेवढं बिघडवतात, त्याच्या कितीतरी पट ट्रॅक्टरचा पलटी नांगर आणि मुरमाची खाण दिवसाढवळ्या बिघडवतात. रस्ते रुंद झाले. २८ फेब्रुवारी २०२४ला वर्धा-कळंब रेल्वेमार्गाचं उद्घाटन झालं. ही कामं व्हायलाच हवी होती. पण भराव टाकायच्या आधी कुणी गावनकाशा हातात घेऊन शिवार पायाखाली घातलं, तर फारसा खर्च येत नाही.

हे काम शाळेतली पोरंही करू शकतील. डोंगरखर्डा, मेटीखेडा, जोडमोहा, कुठूनही सुरुवात करावी. गावात जाऊन "इथं काही जुनं आहे का?" असं विचारू नये, लोक चिंतामणीचा रस्ता दाखवतात. "तुमच्या शिवारात रिठाचा मारोती कोणाच्या वावरात आहे?" असं विचारावं. लगेच दोघं-तिघं बोलू लागतात, आणि त्यांचं एकमेकांशी जमत नाही. मग गट नंबर लिहावा, मोबाइलवर जागेची नोंद घ्यावी, आसपासची चिंच, निंब, बुजलेली विहीर टिपावी, दगडाचे चारही बाजूंनी फोटो काढावेत. दरवर्षी शेंदूर कोण चढवतं, तेही विचारावं, कारण बहुधा तेच घराणं त्या गावातून शेवटी उठून आलेलं असतं.