सोसणे हा मुक्यांचा धर्म नव्हे

धार जिल्ह्यातील सरदारपूर तालुका महाराष्ट्राच्या सीमेबाहेर असला तरी मराठी मनाला तो परका नाही. धार आणि देवास येथे पवारांच्या गाद्या नांदल्या आणि त्यांच्याबरोबर मराठी भाषा माळव्यात रुजली. मही नदीचा उगम याच तालुक्यात होतो. इंदूरहून अहमदाबादकडे जाणारा महामार्गही येथूनच जातो, आणि महामार्ग आला की वाहनाखाली सापडलेले कुत्रे हे दृश्यही ओघाने आलेच. मांडी मोडलेले ते जनावर रस्त्याच्या कडेला कण्हत पडलेले असते. महूला १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे खरे. परंतु तेथे पोहोचायचे तर धार मागे टाकून जावे लागते. मधल्या त्या तासांचे काय? हा प्रश्न जसा सरदारपूरचा, तसाच पेडण्याचा, काणकोणचा आणि सावंतवाडीचाही आहे; म्हणूनच आम्ही तो येथे मांडीत आहोत.

'जनावरच ते, सोसेल!' हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्यातील निष्ठुरता आपल्या ध्यानातही येत नाही. वस्तुतः कुत्र्यामांजरांची मज्जासंस्था वेदनेच्या बाबतीत आपल्याहून फारशी वेगळी नाही. फरक एवढाच, की ती आपली वेदना लपवितात. मांजर ओरडत नाही. ते अंग आखडून कोपऱ्यात बसते, डोळे अर्धवट मिटते, कान पाडते आणि अन्न टाकते. माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली कान, डोळे, नाकतोंडाचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण या पाच खुणांवरून मांजराची वेदना मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. म्हणजे पाहणाऱ्याला डोळे असतील तर मुके जनावरही बोलते.

शिवाय वेदना हा केवळ दयेचा विषय नाही. ती तशीच राहू दिली तर हृदयाची गती वाढते, भूक मरते, जखम भरण्यास विलंब लागतो. मज्जारज्जूतील वेदनामार्ग अधिकाधिक संवेदनशील होतात आणि पुढे तेवढ्याच दुखण्याला दुप्पट औषध लागते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर जनावर विव्हळू लागण्याची वाट न पाहता आधीच वेदनाशामक द्यावे, हा आजच्या पशुवैद्यकाचा दंडक आहे.

परंतु येथेच एक इशारा दिला पाहिजे. घरातील गोळ्यांच्या डब्यातून कनवाळूपणे काढलेली पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. कारण ते औषध निकामी करण्याची शक्ती त्याच्या यकृतात नाही. आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक ठरते. वेदनाशामकालाही विवेक लागतो, याचा मोठा धडा आपल्या देशाने घेतला आहे. डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांची कलेवरे खाऊन गिधाडे नामशेष होत चालली, तेव्हा २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घालावी लागली. गिधाडे गेली आणि उघड्यावरचे मांस भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला आले, ही त्याच कथेची पुढची पायरी.

मग सामान्य माणसाने काय करावे? प्रथम आपला जीव सांभाळावा. असह्य वेदनेत पाळलेले कुत्रेही धन्याला चावते. श्वास लागलेला नसेल आणि उलटी होत नसेल तर मऊ फडक्याने त्याचे तोंड सैलसर बांधावे. मांजराला जाड टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवावे. रक्त वाहत असेल तेथे स्वच्छ कापड दाबून धरावे, जनावराला फळीवर घेऊन न हिंदकळता न्यावे, ऊब द्यावी. तोंडावाटे काहीही देऊ नये. चावा बसलाच तर जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ रेबीजची लस घ्यावी. पुढचे काम वैद्याचे: आधी श्वास आणि रक्तस्राव यांकडे पाहणे, शिरेतून सलाइन देणे आणि त्याबरोबरच वेदनेवर सुरक्षित इलाज करणे. मेलॉक्सिकॅमसारखे औषध मात्र रक्ताभिसरण सावरल्यानंतरच, नाही तर मूत्रपिंडावर घाला येतो.

घरी आणल्यावरची शुश्रूषाही तेवढीच मोलाची. मऊ अंथरूण, मर्यादित हालचाल आणि सांगितलेल्या वेळेला सांगितलेली मात्रा. मांजर दोनतीन दिवस जेवले नाही तर यकृतावर चरबी साचून नवेच संकट उभे राहते. तेव्हा त्याचा उपास 'रुसवा' म्हणून सोडून देऊ नये.

आता शासनाविषयी. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्यातील कलम ११ अन्वये पहिल्या अपराधाला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! १९६२ या दूरध्वनी क्रमांकावर फिरते पशुचिकित्सा पथक येते ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु लाखभर पशुधनामागे एक गाडी हे त्या योजनेचे माप आहे आणि तिचा रोख मुख्यतः गुराढोरांकडे आहे. मॉर्फिनवर्गीय औषधांना १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याचे कुंपण आहे. २०१४ च्या दुरुस्तीने माणसांच्या वेदनेसाठी ते काहीसे सैल झाले. तशी वाट पशुवैद्यकासाठीही सुकर व्हावी. तोपर्यंत प्रत्येक तालुका पशुदवाखान्यात सलाइन, लिग्नोकेन आणि मेलॉक्सिकॅम यांचा साठा सदैव असावा, आणि ती वापरणारे शिक्षित हात असावेत, एवढी तरी मागणी अवाजवी ठरू नये. यांतील एकही औषध दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ती निकड.

रामेश्वरासाठी वाहून आणलेली गंगा एकनाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली, ही कथा आपण पिढ्यानपिढ्या मुलांना सांगत आलो. नाथांनी ते गाढव कोणाचे, हे विचारले नव्हते. रस्त्याच्या कडेला कण्हणारे कुत्रे कोणाचे, हे विचारीत पुढे निघून जाणाऱ्या आपणांस ती कथा सांगण्याचा अधिकार उरतो काय, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.