विकीवर पान न चढण्याची मीमांसा

दस्तऐवज रचणाऱ्या सॉफ्टवेअरमधून कंपनीच्या विकीवर पाठविलेले पान तेथे चढले नाही, तर वाचकांपुढे जुनेच पान राहते व काम जुन्या सूचनांनुसार चालते. अशा वेळी पान पुनःपुन्हा पाठविण्यापूर्वी सर्व्हरच्या उत्तरातील तीन अंकी संकेत पाहणे इष्ट होय. सामान्यतः ४०१ म्हणजे पाठविणाऱ्याची ओळख पटली नाही. ४०३ म्हणजे ओळख पटूनही अधिकार नाही. ४१३ म्हणजे पाठविलेला ऐवज मर्यादेहून मोठा आहे.

सर्वांत विचारार्ह संकेत ४०९ हा होय. अ‍ॅटलासियन कंपनीच्या कॉन्फ्लुअन्स (२००४) या विकीत प्रत्येक पानाला आवृत्तिक्रमांक असतो. सतराव्या आवृत्तीवर नवा मजकूर अठरावा म्हणूनच यावा लागतो. मध्यंतरी एखाद्या सहकाऱ्याने विकीवरच दुरुस्ती करून अठरावी आवृत्ती सिद्ध केली असेल, तर आपली अठरावी नाकारली जाते. हा नकार दोष नव्हे. त्या दुरुस्तीचे ते रक्षण होय. केवळ क्रमांक वाढवून मजकूर पाठविल्यास पान चढते, परंतु दुरुस्ती जुन्या आवृत्तीत गाडली जाते. म्हणून ती प्रथम मूळ दस्तऐवजात उतरवून घ्यावी व मगच पान पुन्हा पाठवावे.